माऊसला हात लावण्याआधी

महोदय,
स. न. वि. वि.

आपण त्या दिवशी आला होतात ते प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी. माझ्या बंद पडलेल्या माऊसशी आपला काडीचाही संबंध नव्हता, तरी जाता जाता माझ्या टेबलाशी थांबलात. आपले नाव विचारायचे राहून गेले याची रुखरुख आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

वडिलांच्या हस्तलिखित वहीतला मजकूर मी कित्येक आठवडे संगणकावर उतरवत होते, आणि तेवढ्या काळात वायरलेस माऊसने तीनदा दगा दिला. पहिल्या वेळी ज्यांना बोलावले त्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच पॉवरचे बटण दाबून धरले. सकाळपासून लिहिलेला, जतन न केलेला सगळा मजकूर गेला आणि वर बोलणीही मलाच खावी लागली. दुसऱ्यांनी माऊस उचलूनही पाहिला नाही. "खराब झालाय, नवा घ्या," एवढे सांगून ते निघून गेले. नवा घेतला, तर तोही तसाच अडला. मदतीला आलेल्या माणसाने निदान दुखणे काय आहे ते ऐकून घ्यावे, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे, आणि त्या दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पडद्यावरचा बाण अडखळत अडखळत थिजला होता. आपण शेजारी उभे राहिलात आणि सर्वांत आधी विचारलेत, "हे लिहिलेलं सेव्ह केलंय का?" मी मान हलवून नाही म्हणताच आपण वाकून कंट्रोल आणि एस ही दोन बटणे दाबलीत, मजकूर जतन झाल्याची खात्री मला माझ्या डोळ्यांनी करू दिलीत आणि मगच माऊस हातात घेतलात. माऊस गेला तरी कीबोर्ड चालू असतो, हे त्या घाबरलेल्या अवस्थेत मला सुचलेच नव्हते.

"बंद पडतो तेव्हा आणखी काय चालू असतं?" असे विचारून आपण मला आठवायला वेळ दिलात. तिन्ही वेळा मी वहीच्या पानांची छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवत होते, हे तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आले. डिस्कची यूएसबी ३.० केबल माऊसच्या रिसीव्हरला, म्हणजे माऊसचे संकेत पकडायला संगणकात खोचलेल्या छोट्या तुकड्याला, अगदी खेटून होती. अशी जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि रिसीव्हर नेमका तिथेच कान लावून बसलेला असतो, हे आपण समजावलेत. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ सालीच यावर लिहून ठेवल्याचे मी नंतर वाचले. आपण पिशवीतून एक एक्सटेन्शन केबल काढली, रिसीव्हर डिस्कपासून दूर नेला आणि बाण हलला. टाकून द्यायला काढलेला जुना माऊसही धडधाकट निघाला.

जाणकार माणसे मला बरीच भेटली आहेत. दुसऱ्याचे काम आपलेच समजून आधी ते सांभाळणारी माणसे मात्र विरळा, आणि अशा एखाद्याची गाठ पडली की जगाबद्दलचा बराचसा कडवटपणा निवळतो.

त्या दिवशी बचावलेली चार पाने वडिलांच्या आजारपणाआधीच्या शेवटच्या वर्षातली आहेत. आपली केबल अजून माझ्याकडेच आहे. ती न्यायला म्हणून तरी एकदा यावे, म्हणजे ती पाने आपल्याला वाचून दाखवता येतील.

आपली ऋणी