पाऊस लागायच्या आत वाटेवरचं पाणी वळवायचं आहे: माणसं, दगड आणि अवजारांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

समुद्राकाठच्या आपल्या गावाभोवती आणि नदीच्या दरीत सायकलींसाठी राखलेल्या डोंगरवाटांची देखभाल आम्ही स्वयंसेवक करतो. पाऊस लागायला सहा आठवडे उरले आहेत. तेवढ्यात दरीतल्या वाटेचं निचऱ्याचं काम झालं नाही, तर पावसानंतर तिथे दुरुस्त करायला काही उरणार नाही, वाट नव्याने कोरावी लागेल. सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे, मग दगडांची, मग अवजारांची. पैसेही लागतील, पण यादीत ते शेवटी आहेत. पैशाने स्क्रू आणि फळ्या येतील, मातीला उतार मात्र हातानेच द्यावा लागतो.

सायकलींनी वाट खराब होते, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कोरड्या, घट्ट बसलेल्या मातीवरून टायर गेला तर फारसं काही बिघडत नाही. वाट बिघडते ती पाण्याने. पाण्याला बाजूला उतरायला जागा मिळाली नाही की ते वाटेलाच ओहोळ करतं. भिजलेल्या मातीत चाकोरी पडते, चाकोरीतलं पाणी आणखी वेग घेतं, बारीक माती वाहून जाते आणि सुटे गोटे उरतात. गोटे चुकवायला सायकलस्वार कडेच्या गवतावरून जातो, गवत मरतं, आणि पाऊण मीटरची वाट बघता बघता तीन मीटर रुंद होते. म्हणून पहिली विनंती अशी, जिला ना पैसे लागतात ना वेळ: डबकं दिसलं तर त्याला वळसा घालू नका. सावकाश मधून जा, किंवा उतरून सायकल ढकला.

1988 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने टिकाऊ वाटेचे जे ठोकताळे लोकांपुढे ठेवले, तेच आम्ही वापरतो. वाटेचा उतार डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार 30 टक्के असेल, म्हणजे 100 मीटरला 30 मीटर, तर वाट फार तर 15 टक्के. पूर्ण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आत. वाटेची पातळी दरीच्या बाजूला साधारण 5 टक्के कललेली, म्हणजे मीटरभर रुंदीला 5 सेंटिमीटर. आणि उतरत्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने एक छोटा चढ, जेणेकरून पाणी तिथे अडून बाहेर पडेल. दरीतला 600 मीटरचा टप्पा पहिल्या तीन कसोट्यांना उतरतो. नापास होतो तो चौथीत. तिथे चढ असे नाहीतच.

त्यामुळे दर 15 मीटरला एक, असे 40 डिप खणायचे आहेत. डिप म्हणजे वाटेवरची लांबट लाट: आधी खोलगट, मग चढ. वाटेच्या दरीकडच्या अंगाला सुमारे 3 मीटर लांबीचा अर्धचंद्र खणायचा आणि त्याचा तळ बाहेर 15 टक्के कलवायचा. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला रचून 3 ते 4 मीटर लांब चढ करायचा. लांबीत काटकसर केली की घात होतो. आखूड, उभा चढ सायकलींना उडी मारायची जागा वाटतो, ब्रेक लावणारी चाकं त्याचा माथा कापतात, आणि पहिल्याच मोठ्या सरीत तो फुटतो. माती 10 सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा. या दिवसांत माती कोरडी असते आणि कोरडी धूळ कितीही ठोकली तरी बसत नाही. मूठभर माती दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. तेवढा ओलावा आणायला प्रत्येक डिपला 20 लिटरचे चार-पाच कॅन पाणी वाहून न्यावं लागतं. हे काम दिसत नाही, म्हणून त्याला माणसं सर्वांत कमी मिळतात.

पाण्याचं तोंड मीटरभर रुंद ठेवायचं, नाहीतर पालापाचोळा अडकून ते महिन्यात बुजतं. वाटेच्या बाहेरच्या काठावर मातीचा जो वरंबा साचतो, तोही पूर्ण काढून माती उतारावर पांगवायची. पूर्वी वाटेत आडवी लाकडं गाडून पाणी वळवत असत, तशी सात लाकडं या टप्प्यात अजून आहेत. ती काढणार आहोत. मागे गाळ भरला की पाणी लाकडावरून उडी मारतं किंवा टोकाकडून वळसा घेतं, आणि ओल्या लाकडावर तिरकं गेलेलं चाक हमखास घसरतं.

चार माणसांना एक डिप करायला अर्धा दिवस लागतो. सहा आठवड्यांचे शनिवार-रविवार मिळून 24 अर्धे दिवस. दोन गट सतत राबले तर 48 डिप होऊ शकतात, म्हणजे आठ पाळ्या हाताशी राहतात. दगडकामाला तिसरा गट हवा. सकाळी 12 आणि दुपारी वेगळे 12, असे दररोज 24 जण लागतील. एकाने संपूर्ण दिवस उकरण्यापेक्षा दोघांनी अर्धा अर्धा दिवस आलेलं बरं, कारण थकलेल्या हाताने दिलेला उतार बहुतेक वेळा चुकतो.

आता दगड. दरीत वाट दोनदा ओढा ओलांडते आणि दोन्ही ठिकाणी काठ ढासळले आहेत. प्रत्येक काठावर 5 मीटर, अशी एकूण 20 मीटरची दगडी फरसबंदी करायची आहे. 90 सेंटिमीटर रुंदी आणि 30 सेंटिमीटर खोली धरली तर साडेपाच घनमीटर, वजनात सुमारे नऊ टन. गाडी जिथवर येते, तिथून पुढे सगळं डोक्यावर किंवा काठीला टांगून न्यायचं. घमेल्यात 15 किलो धरले तर 600 खेपा. ज्यांना खणता येत नाही, त्यांनी दिवसाला पाच खेपा केल्या तरी मोठा हातभार लागेल.

दगड ओढ्यातून उचलू नका. पात्रातला दगड काठाचं रक्षण करतो, त्याच्या खाली जीव राहतात. शेतातून वेचून बांधावर टाकलेले किंवा पडलेल्या गडग्याचे दगड चालतील. लांबी किमान 30 सेंटिमीटर हवी. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. बसवताना सुरुवात तळापासून, सर्वांत मोठ्या दगडाने. दगड आडवा न ठेवता उभा, दोन तृतीयांश जमिनीत. प्रत्येक दगड शेजारच्याला टेकलेला आणि सांधे भिंतीसारखे एकाआड एक. फटींत दगडाच्या चिपा ठोकून मग माती. आडवी पसरलेली फरशी दिसते छान, पण ब्रेक लावलेल्या चाकाखाली ती डुगडुगते आणि खालून पाणी शिरतं. प्रत्येक दगडावर उभं राहून हलून बघायचं. एक जरी हलला तर तो काढून पुन्हा बसवायचा.

विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, घराचा राडारोडा मात्र देऊ नका. चिखलात टाकलेला राडारोडा खाली जातो आणि चिखल वर येतो, आणि फुटक्या फरशीच्या धारेने टायरची बाजू चिरली तर ती वाटेवर शिवता येत नाही.

खाडीकाठच्या टप्प्याचा प्रश्न निराळा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीत तो पाण्याखाली जातो, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कोरडा राहतो. दोन्ही टोकांना फलक आहेत, पण त्यांवर आठवड्याच्या भरतीच्या वेळा लिहायला माणूस नाही. भरती दररोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी कोरडी मिळालेली वेळ या रविवारी तशीच मिळेल, हा अंदाज फसतो. शिवाय पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या तासाचा संथपणा बघून निघालेला माणूस अर्ध्या वाटेत अडकतो. दर शनिवारी फलक लिहायला दोन माणसं हवी आहेत, प्रत्येक टोकाला एक.

याच टप्प्यात दलदलीवर 10 मीटरचा लाकडी पूल करायचा आहे. फळ्या वाटेला आडव्या बसतील. उभ्या फळ्यांच्या फटीत चाक अडकतं आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे जातो. 14 सेंटिमीटरची फळी आणि 1 सेंटिमीटर फट या हिशेबाने 67 फळ्या, फळीला चार स्क्रू म्हणजे 268, मोडतोड धरून 300. स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत टिकतात. साधे स्क्रू गंजून डोकी तुटतात आणि वरून फळी शाबूत दिसत राहते. घसरू नये म्हणून वर जाळी ठोकायची. देणगीतला बहुतेक पैसा इथे जाईल.

भूशिरावर वाट कड्याच्या काठापासून आत घ्यायची आहे. जुनी वाट झुडपांच्या फांद्या टाकून बंद करू. ती अडवलेली दिसली तर कृपया फांद्या बाजूला करू नका. वाळूच्या टेकड्यांमधली पायवाट पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंदच राहील, त्यांची अंडी उघड्या वाळूत असतात आणि चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. डोंगराच्या धारेवरची वाट खडकावर आहे, तिला फक्त कोयता लागेल.

प्रत्येक वाटेवर दर 500 मीटरला क्रमांकाचे खुंट लावतो आहोत. अपघात झाला तर खुंटाचा क्रमांक सांगा आणि शिट्टी मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं.

अवजारांत सहा टिकाव, सहा फावडी, दोन पहारी, दोन धुम्मस, दहा घमेली, चार दाताळी आणि उतार मोजायला एक क्लायनोमीटर हवा आहे. जुनी चालतील, दांडा मात्र घट्ट असावा. सैल टिकावाचं पातं शेजारच्यावर उडतं. श्रमदानाला येणाऱ्या मुलांच्या सायकलींसाठी ब्रेक पॅडही द्या. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ज्या उतारावर जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, त्याचं नाव रिपॅक पडलं, कारण एका उतरणीत मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. आजचे डिस्क ब्रेक तसे जळत नाहीत, पण झिजलेल्या पॅडवर मुलं ब्रेक करकचून दाबतात, मागचं चाक अडकून फरफटतं, आणि नव्या डिपच्या माथ्यावर पन्हळ पडते.

येताना बंद बूट, हातमोजे आणि दोन लिटर पाणी आणा. टायर घरूनच ब्रशने घासून या, चिखलाबरोबर नको असलेल्या तणांचं बी येतं. आदल्या रात्री पाऊस झाला आणि वाटेवर टाच एक सेंटिमीटरहून जास्त रुतत असेल, तर त्या दिवशी खणणार नाही, फक्त दगड वाहू. वाटेच्या तोंडाशी लाल फडकं बांधलेलं असेल तर सायकली गाडीतळावर ठेवून चालत या.

आपले,
वाटांची देखभाल करणारे स्वयंसेवक