बाबांच्या 'बॉबी'चे शॉकअप सुटले!

बाबांची राजदूत जीटीएस मोटारसायकल, म्हणजे १७३ सीसीची 'बॉबी', गोठ्यात पडून राहिली आणि तिचे पुढचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्या, पार जाम झाले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रीकाकांनी "आधी हातोडा खाली ठेव" म्हणून मला थांबवलं, त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी चार दिवस डिझेल मुरवलं, मग ते पुसून शॉकअपची बाहेरची नळी तापवली आणि आतला पाइप न ठोकता डावी-उजवीकडे पिळत सोडवला. आतून काळं चिखलासारखं तेल आणि गंजाची पूड पडली.

पाइपवर हार्ड क्रोम चढवून देणारे दादा, लेथवर बुश (पाइपभोवतीची कडी) कातून पैसे न घेणारे काका, स्वतःच्या गाडीसाठी जपलेले दोन ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या कड्या) माझ्या हातावर ठेवणारा तो मुलगा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार! काल बाबांनी ब्रेक धरून हँडल दाबलं. गाडी पुढून खाली गेली आणि सावकाश वर आली. त्यांनी पुन्हा दाबलं.