कोयत्यातली बाई वेगळी मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या पुरवणीत तुम्ही ऊसतोड करणाऱ्या बायकांवर अर्धं पान दिलंत, वाचून खरंच बरं वाटलं, नाहीतर त्या दिवशी साड्यांच्या सेलच्या जाहिराती आणि सत्काराचे फोटो यातच पानं संपतात. पण मथळ्यात "दिलासा" हा शब्द होता, तो काही दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. दिलासा आपण कुणाच्या घरी वाईट झालं तर द्यायला जातो. या बायकांचं हक्काचं आहे ते अडवून ठेवलंय, ते द्यायचं सोडून दिलासा कसला देताय?

मी सांगली जिल्ह्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झाले. दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेरच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेला मी तिथं जायचे. एका वर्षी मुलांची नावं जुळवायला, मजूर आणणाऱ्या मुकादमाची वही मागितली, त्यात एका ओळीत पुरुषाचं नाव, पुढे "कोयता १", पुढे उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा आकडा आणि अंगठा किंवा सही, अशी पानंच्या पानं. बाईचं नाव एक नाही. मी विचारलं, अहो यांच्या बायका कुठायत? तो अगदी सहज म्हणाला, "त्यातच आली की बाई."

शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. पहाटे फडात, म्हणजे उसाच्या रानात जाऊन तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून भरायची, आणि वर स्वयंपाक, पाणी, लेकरं तिचीच. उचल मात्र नवऱ्याच्या हातात, हिशोब नवऱ्याच्या नावावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं, पण वाढ मिळाली ती कोयत्याला, आणि त्यातला तिचा वाटा किती हे तिला कोण सांगणार?

"त्यातच आली" हे मी आधी कुठंतरी वाचलंय असं वाटत राहिलं आणि मग आठवलं, हंसा मेहता. आपल्या घटना समितीतल्या पंधरा बायकांपैकी एक, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी. मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणं चालू होतं तेव्हा पहिल्या कलमाच्या मसुद्यात "ऑल मेन" असं होतं. आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट, म्हणजे त्यासुद्धा बाईच, त्यांचं म्हणणं की इंग्रजीत मेन म्हटलं की सगळी माणसं आलीच. हंसाबेन अडून बसल्या, की काही देशांत याचा अर्थ सरळ पुरुष असा लावतील आणि बायका बाहेर राहतील. शेवटी "ऑल ह्युमन बीइंग्ज" झालं आणि १० डिसेंबर १९४८ ला तेच मंजूर झालं. मी हे शाळेत मुलांना सांगायचे तेव्हा एक गोष्ट म्हणून सांगायचे, पण त्या वहीनंतर ती मला नीट कळली.

तरी पुढची ४५ वर्षं बाईचं दुखणं मानवी हक्कात धरायला जग तयार नव्हतं, पोलिसांनी तुरुंगात मारलं तर हक्कभंग आणि नवऱ्यानं घरात मारलं तर घरचा मामला. १९९३ च्या व्हिएन्ना परिषदेला जगभरातल्या बायकांनी लाखो सह्या गोळा करून नेल्या, तिथं उभं राहून आपापल्या साक्षी दिल्या, तेव्हा कुठं लेखी आलं की स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचाच भाग आहेत, ते तोडून काढता येत नाहीत. त्याच वर्षी भारतानं सीडॉ, म्हणजे स्त्रियांबाबतचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, मान्य केला. त्यात कलम १४ खास गावाकडच्या बायकांसाठी आहे, आणि कलम ११ मध्ये लिहिलंय की कामाच्या जागी बाईचं आरोग्य आणि तिची मूल होण्याची क्षमता जपली गेली पाहिजे.

आणि इकडे काय चाललं होतं? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. माळावर मला एक जण भेटली होती, माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान असेल, मांडीवर लेकरू आणि हातानं वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची पेंडी बांधत होती, म्हणाली, "पिशवी काढली बाई, कटकट मिटली, पाळी न्हाई अन् खाडा बी न्हाई." खाडा म्हणजे सुट्टीचा दंड, तो पूर्ण कोयत्याला बसतो. संडास नाही, पाणी लांब, पाळीत फडात उभं राहायचं, अंगावरून जायला लागलं की कुणीतरी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि ऑपरेशनचे पैसे परत उचलीतूनच. याला आपण तिचा निर्णय म्हणायचं का? मी नाही म्हणू शकत.

आमच्याकडे कुणी म्हणतं की स्त्रीवाद वगैरे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं फॅड आहे. मराठवाड्यातल्या ज्या कार्यकर्त्या बायका वर्षानुवर्षं या वस्त्यांवर फिरतायत, गावोगाव याद्या करतायत त्यांना एकदा भेटून या मग बोला. त्या मागतायत काय, तर करारावर बाईचं वेगळं नाव, तिच्या मजुरीचा हिस्सा तिच्या खात्यावर, कोप्यांजवळ संडास आणि पाणी, आणि पाळीच्या किंवा बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा बंद. यात माणूस म्हणून मोजा याच्यापलीकडे काय आहे?

साहेब, तुमच्या बातम्यांतसुद्धा "इतके लाख कोयते राज्यात दाखल" असं छापून येतं. पुढच्या हंगामापासून इतके पुरुष आणि इतक्या बायका असं छापा, आकडा नसेल तर साखर कारखान्यांकडे मागा, त्यांनी नाही दिला तर नाही दिला असं छापा. उचल पावसाळ्यातच वाटायला लागतात आणि एकदा वहीत कोयता लिहिला की मग वर्षभर कुणी ती वही उघडत नाही, त्यामुळे हा विषय दिवाळीची वाट न बघता त्याच्या आधी लावून धरलात तर उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली