लाभार्थी नव्हे, विहिरीची मालकीण

महोदय,

कालच्या अंकातला पान ५ वरचा फोटो पाहिला. टँकरच्या नळाखाली कळशी धरून उभी असलेली म्हातारी म्हणजे माझी आई. फोटोखालची ओळ : 'कंपनीच्या पाणीपुरवठा उपक्रमाचे लाभार्थी'. वर मथळा 'गाव घेतला दत्तक'. कंपनी म्हणजे आमच्या गावाजवळची खाणकंपनी. फोटो छान आला आहे, त्याबद्दल आपले आभार. आता बाकीचे.

हा फोटो मे महिन्यातला. टँकर सोमवारी आणि गुरुवारी येतो. त्या गुरुवारी अकराला आला, पण चालक नळ सोडेना. कंपनीचे साहेब यायचे होते. कळशा, बालद्या, रंगाचे रिकामे डबे रांगेत लावून आम्ही पाऊण तास उन्हात उभे. भाचीचे लग्न दोन दिवसांवर आलेले, घर पाहुण्यांनी भरलेले. साहेब आले. कंपनीचे नाव मागे नीट दिसेल अशा बेताने आईला उभे केले आणि कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "आजी, जरा हसा." आई हसली. तिला वाटले, लग्नाचा फोटोवाला आला.

आमच्या घरामागे विहीर आहे. आजोबांनी खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली. मी शाळेत असताना मे महिन्यातही दोरी फार सोडावी लागत नसे. पुढे खाणीचा खंदक आमच्या विहिरीच्या तळाहून खोल गेला. त्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपाने ओढून नाल्यात सोडू लागले आणि विहीर शिगम्यालाच, म्हणजे होळीच्या सुमारासच, कोरडी पडू लागली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पंप थांबले. दोन-तीन पावसाळे गेले आणि विहिरीला पाणी परत आले. कुणाच्या उपक्रमाने नव्हे. आता खाणींचा लिलाव होऊन पंप पुन्हा लागले, विहीर पुन्हा आटली, टँकर पुन्हा आला. आमचेच पाणी नाल्याला जाते आणि टँकरने परत येते, त्याला आपल्या वार्ताहराने 'जलदान' म्हटले आहे.

मी खाणीच्या विरोधातला नाही. आमच्या भावाचा ट्रक होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा बँकेचे हप्ते कसे भरले ते आमचे आम्हाला ठाऊक. खाण चालू दे, ट्रक धावू देत. पण हिशेब ज्या खात्यातला त्याच खात्यात मांडा.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते की, मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. मात्र दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणे भागच आहे, ते या २ टक्क्यांत धरता येत नाही; २०२१ पासून नियमातच तसे स्पष्ट लिहिले आहे. मग स्वतः आटवलेल्या विहिरीच्या बदल्यात दिलेले पाणी भरपाईत धरायचे की समाजकार्यात? हा एक प्रश्न आपल्या वार्ताहराने साहेबांना विचारला असता तर बातमी झाली असती. शिवाय खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज निधी आहे. स्वामित्वधनाच्या (खनिजावर सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात कंपन्यांना त्यात पैसे भरावेच लागतात आणि पिण्याचे पाणी त्याच्या अग्रक्रमात आहे. तो कायद्याने भरायचा पैसा, कंपनीची देणगी नव्हे. या निधीतून आमच्या वाड्यावर नळ कधी येणार, हेही विचारायला हरकत नव्हती.

आणि ते 'दत्तक'. दत्तविधानाला आईबापांची संमती लागते. आमची ग्रामसभा रविवारी भरते, चहा-भजी असतात, पण हा विषय तिथे आल्याचे मला आठवत नाही, आणि मी सहसा एकही सभा चुकवत नाही (भजी हे एक कारण). पोर दत्तक घेण्याआधी त्याच्या तोंडचे पाणी पळवण्याची रीत तर मी कुठे ऐकली नाही.

रात्री आईला पेपर दाखवला. तिने चष्मा लावून फोटो पाहिला, मग विचारले, "लाभार्थी म्हळ्यार कितें रे?" मी म्हणालो, ज्याला फुकट मिळते तो. ती म्हणाली, "पूण बांय आमची मगो?" (बांय म्हणजे विहीर.)

तेव्हा कृपया शुद्धिपत्र छापावे : 'लाभार्थी' ऐवजी 'विहिरीची मालकीण' असे वाचावे. जागा कमी असेल तर माझे हे पत्र कापा, पण ती ओळ ठेवा. मागे आमच्या गावच्या सकाळच्या बसबद्दल लिहिले होते तेव्हा आपण पत्राच्या चार ओळी ठेवल्या आणि नेमकी बसची वेळच गाळली. ती ७.१० ची आहे आणि अजूनही पावणेआठला येते.

आपला नियमित वाचक,
सत्तरी, गोवा
(नाव छापू नये)