मॉड्यूल जमिनीवर नको

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

मी ठाण्याला गेलो तेवढ्यात तू येऊन माझं १०८०, ते रोलंडचं कीबोर्डला जोडून वाजवायचं आवाजांचं मॉड्यूल, घेऊन गेलीस. टॅक्सीत मांडीवर धरून बसली होती, असं आई म्हणाली. डिकीत टाकलं नाहीस ते बरं केलंस. मी घरी असतो तर दिलं नसतं असं तुला वाटलं असणार. दिलं असतं. आधी एकदा खोली बघायला आलो असतो, एवढंच. कलिना, तोही तळमजला, तोही मिठी नदीच्या बाजूला, आणि हे मला कुणाकडून कळतं तर डोंबिवलीच्या आत्याकडून.

ते जमिनीवर ठेवू नकोस. पलंगाखाली तर अजिबात नको. भिंतीत कप्पा असेल तर सगळ्यात वरच्या कप्प्यात.

असो. पाण्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, मशीनबद्दल लिहितो.

रोलंडने हे १९९४ साली काढलं तेव्हा आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कुणाला ते परवडण्यातलं नव्हतं. मी नंतर घेतलं तेव्हा नाना म्हणाले होते, एवढ्यात नव्या जागेचं टोकन झालं असतं. आता ते बनत नाही. १९९७ ला २०८० आलं, मग पुढची आली, तीही बंद झाली. कंपनीने याची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली आहे ती तूच मला लॅपटॉपवर ऐकवलीस. आवाजावरून मी भांडणार नाही, आणि त्याला पाण्याची भीती नाही हेही कबूल. पण हे मॉड्यूल तू नेलंसच आहेस, तर नीट समजून वापर.

आत एक चपटी बॅटरी आहे, सीआर २०३२. स्क्रीनवर बॅटरी लो आलं की घाबरू नकोस. कंपनीचे प्रीसेट रॉममध्ये आहेत, ते जात नाहीत. जातात ते यूजर बँकेतले १२८ पॅच, म्हणजे आपण बनवून साठवलेले आवाज. म्हणजे माझे. बदलायच्या आधी मिडीच्या वायरीतून बल्क डंप, म्हणजे सगळ्या पॅचची एकगठ्ठा नक्कल, लॅपटॉपवर घे. स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल असले लांबलचक संदेश (सिसेक्स) मधेच गाळते आणि तोंडाने काही सांगत नाही. म्हणून डंप दोनदा घे आणि दोन्ही फायली तंतोतंत जुळतात का बघ. जुळल्या तरच बॅटरी बदलायला दे. घाई करून उपयोग नाही, मिडीचा वेग १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट, तेवढाच. स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमध्ये विजेचा दाब राहतो. लॅमिंग्टन रोडचा आपला माणूस अजून बसतो, त्याच्याकडे ने. व्हॅल्यूचा डायल पुढे फिरवला की मागे जातो तेही त्याला दाखव. दमट हवेने होतं ते, आणि तळमजल्यावर ओल जास्तच असणार.

बघ, परत तिथेच आलो.

६४ आवाज म्हणतात त्याचा अर्थ ६४ सूर नव्हे. पॅच टोनचे थर रचून बनतो, त्यात चार टोन चालू असतील तर एकेक सूर चार आवाज खातो. सोळा सुरांत कोठार रिकामं. पेडल दाबून स्ट्रिंग्ज धरल्यास आणि वरून पियानोची तान घेतलीस की मागचा एखादा सूर गुपचूप कापला जातो. परफॉर्मन्समध्ये, म्हणजे अनेक पॅच एकत्र वाजतात तिथे, व्हॉइस रिझर्व्ह म्हणून पान आहे, तिथे दहाव्या चॅनलसाठी आठ तरी राखून ठेव. आमच्या ऑर्केस्ट्रातला बाळू ऑक्टोपॅडवरून, काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरून, याच चॅनलवर ढोलकी वाजवायचा. लावणी ऐन रंगात आली आणि एखादी थाप गिळली गेली की तो पॅडकडे बघायचा नाही, माझ्याकडे बघायचा.

आणि स्केल ट्यून, म्हणजे एकेका पट्टीचा सूर किंचित चढवणं-उतरवणं. हे तुला कॉलेजात कुणी शिकवलं नसेल. पांढरी एकचा सा धरलास तर शुद्ध गंधार चौदा सेंट (शंभर सेंटचा एक अर्धस्वर) उतरव, धैवत सोळा, निषाद बारा, पंचम दोन चढव. मग तंबोऱ्याबरोबर लावून बघ, गंधार कसा बसतो ते. मात्र गायिका म्हणाली काळी पाच, की हे आकडे तिच्या मागे जात नाहीत. ते कीबोर्डच्या पट्ट्यांना चिकटलेले असतात, स्वरांना नाही. सगळे पुन्हा भरायचे. निळ्या वहीत मी गाण्याच्या प्रत्येक पट्टीचे लिहून ठेवलेत. वही आईने दिली का? तीही वर ठेव.

२००५ च्या २६ जुलैचं तुला काही आठवत नाही, म्हणून तू हसतेस. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मी अंधेरीला तळमजल्यावरच्या स्टुडिओत होतो, एका मालिकेच्या शीर्षकगीताचं काम चालू होतं. रॅकमध्ये वर हे, खाली मिक्सर, त्याखाली अँप. पाणी दारातून धावत येत नाही ऋता. उंबऱ्याखालून येतं, वायरींचं जुडगं भिजवतं आणि तू खुर्चीतच बसलेली असतेस. मेन पाडला, टॉर्च तोंडात धरून चार स्क्रू काढले, हे पोटमाळ्यावर चढवलं. बाकीचं तिथेच गेलं. मग चालत दादर. फोन लागत नव्हते. बालवाडीतून तुला कुणी आणलं की नाही हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दारात उभा राहिलो तेव्हा कळलं. तू आईच्या मांडीवर बसून बशीतून दूध पीत होतीस. मला बघून म्हणालीस, बाबा, चिखल.

तेव्हा ऐक. पाणी उंबऱ्याशी आलं तर मेन स्विच पाड, हातात बूट घे आणि वरच्या मजल्यावर जा. वर कोण राहतं त्यांची ओळख आजच करून घे. मॉड्यूल काढत बसू नकोस. वर जे लिहिलंय, वरच्या कप्प्याचं आणि वहीचं, ते इतर दिवसांसाठी. त्या दिवशी ते बुडालं तर बुडू दे.

मोठा उपदेश झाला. माफ कर. भांडणात तू म्हणालीस की माझ्या वयाला तुम्हीही घर सोडलं होतं. खरंय. पण मी लालबागला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो होतो.

तुला सांगितलं नव्हतं, तुमची एकांकिका मी माटुंग्याला मागच्या रांगेत बसून पाहिली. देवळाची घंटा वाजते आणि हळूहळू तिचा सूर वाकडा होत जातो, अंगावर काटा आला. घंटा माझ्याच पॅचमधली, हे मला मध्यंतरात उमगलं. स्ट्रक्चरच्या पानावर जाऊन दोन टोन रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे एकमेकांत गुणून, काढलेस ना? ते पान मी इतकी वर्षं नुसतं ओलांडून पुढे जायचो. शेजारच्या बाईंना न राहवून म्हटलं, यात माझी मुलगी आहे. त्यांनी विचारलं, कुठली, ती आई झालेली? म्हटलं, नाही, घंटा. त्या जरा लांब सरकून बसल्या.

आईने डब्यात दोडक्याची चटणी दिली आहे, फ्रीज नसेल तर दोन दिवसांत संपव. डिपॉझिटची पावती घेतलीस का? रोख दिले असतील तरी मालकाची सही घे. आणि प्लगपॉइंट फरशीपासून किती उंच आहे ते मोजून कळव. हे शेवटचं.

तुझा,
बाबा

ता. क. : यूजर बँकेत अगदी शेवटी ‘आषाढ’ नावाचा पॅच आहे. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, तीही बारापेक्षा जास्त मावत नाहीत, म्हणून एवढंच नाव. बासरी आणि मागे स्ट्रिंग्ज. त्यातला तिसरा टोन मला कधीच पटला नाही, कधी मोठा वाटतो, कधी नकोच वाटतो. तू तो बंद करून ऐक, चालू ठेवून ऐक आणि मला फोनवर वाजवून दाखव. तुझ्या कानाला जे पटेल ते सेव्ह करून टाक, मला विचारू नकोस.