तळमजल्याचा नकाशा आधी बघा

कोपनहेगन, नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचे नकाशे व्हॉट्सॲपवर मिळाले. फोनवर घाईघाईत सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय "तू नक्की करतेस काय? शेजारचे काका विचारतात आणि मला धड सांगता येत नाही," असं मागे म्हणाला होतात, त्याचंही उत्तर यातच येईल.

काकांना सांगा, मुलगी माणसं मोजते. चेष्टा नाही करत. गेल्या आठवड्यात दिवसभर इथल्या एका चौकाच्या कडेला हातात काउंटर घेऊन उभी होते. दर तासाला दहा मिनिटं मोजायचं, त्याला सहाने गुणायचं, की तासाचा आकडा मिळतो. मग दुसरी फेरी, थांबलेल्यांची. बाकावर किती, पायरीवर किती, कॉफीच्या टेबलाशी किती, नुसते गप्पा मारत उभे किती. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दिसलीच नाहीत, तर चौकाचं काहीतरी बिघडलंय असं धरून चालायचं. त्या दिवशी उन्हाकडचे साधे लाकडी बाक भरलेले, आणि सावलीतल्या महागड्या दगडी बाकावर दिवसभर कुणाची तरी एक पिशवी बसलेली. अहवालात हे असंच्या असं लिहिलं.

ही पद्धत यान गेल नावाच्या आर्किटेक्टची. इथला स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला, साधारण अकराशे मीटरचा. आपला धंदा बसणार म्हणून दुकानदारांनी ओरड केली, शिवाय "आम्ही काय इटालियन आहोत रस्त्यावर बसायला?" असंही लोक म्हणत होते. गेल यांची बायको इंग्रिड मानसशास्त्रज्ञ. आर्किटेक्ट लोकांना माणसांत रस का नाही, हा प्रश्न घरातूनच आला. मग ते इटलीतले चौक बघून आले आणि स्ट्रॉयेटवर बसून वर्षानुवर्षं नोंदी केल्या. २००० मध्ये हेले सोहोल्टबरोबर त्यांनी स्वतःची फर्म काढली. मेलबर्न, न्यूयॉर्क अशा शहरांनी त्यांच्याकडून अशा मोजण्या करून घेतल्या, आणि न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला. आमचं शहर-आखणीचं ऑफिस त्यांचं नव्हे, खूप लहान आहे. पण क्रम तोच: आधी माणसांचं वावरणं, मग मोकळ्या जागा, आणि इमारती शेवटी.

आता तुमचा नकाशा. बाबा, तुम्ही सगळ्यांनी कार्पेट किती वाढतंय तेवढंच बघितलंय. तळमजला कुणी बघितलाय का? पुढच्या बाजूने अख्खं पार्किंग, त्यावर पोडियम (म्हणजे टॉवरखालचा उंच चौथरा), आणि रस्त्याला लागून उंच कंपाउंड वॉल. फूटपाथवरून जाणाऱ्याला दिसणार काय, तर भिंत आणि वॉचमनची केबिन. आमच्यात रस्त्याकडची बाजू जिवंत कधी म्हणतात, तर शंभर मीटरमध्ये पंधरा-वीस दारं असली तर. (तुळशीबागेत मोजायला गेले तर काउंटर जळेल.) आत्ता आपल्या बिल्डिंगला खाली किराणा आहे, शिंपी आहे, इस्त्रीवाला आहे. आई दूध आणायला उतरते ती अर्ध्या तासाने वर येते, तो अर्धा तास नव्या नकाशात कुठेच नाही.

इथे सगळं चांगलंच आहे असं समजू नका. ओरेस्टाड म्हणून नवा भाग आहे. २००२ पासून मेट्रो दाराशी, इमारती फोटोत झकास. पण रस्ते ऐसपैस, ब्लॉक अवाढव्य, आणि वारा असा की कुणी थांबत नाही. तिथे मोजायला उभं राहिलं की मला आपल्याकडचे नवे टॉवर आठवतात. आणि लोकांना रस्त्यावर आणा म्हणून इथे सल्लागार नेमावे लागतात. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याला फूटपाथ हवाय. पुणे महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते, ते मला आवडतं, पण वर्षातून एक दिवस?

दुसरी गोष्ट पाण्याची. २ जुलै २०११ ला इथे दोनेक तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तळघरं भरली. शहराने दुसऱ्याच वर्षी ढगफुटीचा आराखडा केला. माझ्या घराजवळच्या एंगहेव्ह पार्कमध्ये खेळाचं मैदान मुद्दाम खोल केलंय आणि तीन बाजूंनी बुटकी भिंत आहे. एरवी तिच्यावर लोक बसून डबा खातात. मोठा पाऊस झाला की बाग म्हणजे टाकी, जवळजवळ सव्वादोन कोटी लिटरची. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वरकडे काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. नव्या नकाशात मात्र सगळं आवार काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक! पाणी मुरणार कुठे? कडुलिंबाभोवतीची माती तेवढी तरी मोकळी ठेवायला सांगा, आणि झाड नकाशात आहे का तेही बघा. मला दिसलं नाही.

बिल्डर म्हणेल, पार्किंग नियमाने द्यावंच लागतं. खरं आहे. पण ते मागच्या बाजूला नेता येतं, पुढे तीन-चार दुकानं आणि वॉलऐवजी कमरेएवढा कट्टा करता येतो. दुकानं विकून त्यालाही पैसेच मिळतील, हे आधी बोला म्हणजे तो ऐकेल.

आईचा गुडघा कसा आहे? लिफ्ट येईपर्यंत जिने कमी कर म्हणावं. मी बरी आहे, साडेतीनलाच अंधार पडायला लागलाय एवढंच.

रविवारच्या मीटिंगआधी सेक्रेटरींकडून तळमजल्याची मोठी शीट मागून घ्या आणि स्कॅन करून पाठवा. फोटोतले आकडे वाचता येत नाहीत. शनिवारपर्यंत आली तर लाल पेनाने खुणा करून परत पाठवते.

तुमची,
मनू