ज्येष्ठांच्या मोबाइलसाठी वाचनालयात एक टेबल हवे

नोव्हेंबर आला की भुसावळ-जळगावच्या बँकांत हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची रांग लागते. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेमुळे हा दाखला २०१४ पासून डिजिटल मिळतो, आता चेहरा दाखवूनही निघतो; पण ॲप उघडून देणार कोण? मुले-नातवंडे पुण्यात. रेषा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, आणि ओटीपी मागणारा फोनवरचा ‘साहेब’ मात्र कसा अगदी आदबीने बोलतो! वाचनालये, गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजची पोरे मदतीला बसवावीत. अट एकच: मोबाइल आजी-आजोबांच्याच हातात राहावा, बोटही त्यांचेच फिरावे. पोरांनी झटपट करून दिले तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या फोन क्रमांकावर करता येते, हेही तिथे मोठ्या अक्षरांत लावावे.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ